दिलेला शब्द : कोलन शहरातील एका मैफलीचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. छत्तीस वर्षे शाळेत हाच विषय शिकविल्यामुळे आम्हीही त्या सवयीपासून मुक्त नाही. परंतु सामान्य माणसांनी निष्ठेने पार पाडलेली लहान कामेही कधी कधी इतिहासात आपली जागा मिळवितात, आणि त्यांचा वृत्तांत तरुणांस सनावळीपेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे. गतवर्षी दिवाळीत आमच्या पुतणीने आम्हांस पियानोची एक ध्वनिमुद्रिका ऐकविली. पाश्चात्त्य संगीताचा आम्हांस गंध नाही. तरीही तासभर आम्ही जागचे हललो नाही. वादन संपल्यावर ती म्हणाली, "काका, वाजविणाऱ्याचे नाव जगाला ठाऊक आहे. पण ही मैफल ठरविणारी मुलगी अवघी अठरा वर्षांची होती." त्या एका वाक्याने आमचे कुतूहल जागे झाले. चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताच आम्ही हाच विषय घेतला, तो यामुळे.

प्रथम जाझ या संगीताविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हे संगीत विसाव्या शतकाच्या आरंभास अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांत रूपास आले. आपणांस ते सर्वस्वी परके आहे असे मात्र नव्हे. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाझचे वाद्यवृंद वाजू लागले आणि गोमंतकीय वादकांनी ती कला लवकरच हस्तगत केली. त्यांपैकी 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेल्या ट्रम्पेटवादकाने संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. भगवानदादांच्या १९५१ मधील 'अलबेला' चित्रपटातील गाण्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी ठेका धरला, तेव्हा नकळत त्यांनी जाझचीच चव घेतली होती.

या संगीताचा प्राण म्हणजे उपज. आपला ख्यालगायक बंदिश घेऊन बैठकीस बसतो, परंतु तिचा विस्तार समोरच्या श्रोत्यांच्या साक्षीने त्या क्षणी करतो. जाझवादकही तेच करतो. आम्ही ज्या वादकाविषयी लिहीत आहोत तो तर याच्याही एक पाऊल पुढे गेला होता. तो बंदिशही न घेता रंगमंचावर येई.

या वादकाचे नाव कीथ जॅरेट. त्याचा जन्म ८ मे १९४५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलनटाउन येथे झाला. तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याचे पियानोचे शिक्षण सुरू झाले आणि सातव्या वर्षी त्याने जाहीर वादन केले. पुढे चार्ल्स लॉइड व माइल्स डेव्हिस या नामवंतांच्या ताफ्यांत वाजवून त्याने लौकिक मिळविला. १९७३ पासून त्याने एकट्याच्या मैफली आरंभिल्या. कागद नाही, ठरविलेले राग-ताल नाहीत, साथीदार नाहीत. एक पियानो आणि एक मनुष्य. म्युनिक येथील मान्फ्रेड आयशर या प्रकाशकाने १९६९ साली 'ई. सी. एम.' ही ध्वनिमुद्रण संस्था स्थापन केली होती. तिने त्याच्या या मैफली मुद्रित करण्यास आरंभ केला होता.

आता कोलन शहराकडे वळू. आपल्या घरी ताप आला म्हणजे कपाळावर जे कोलन वॉटर लावीत, त्याचे नाव जर्मनीतील याच शहरावरून पडले आहे. ऱ्हाईन नदीच्या काठचे हे शहर दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झाले. १९४२ च्या मे महिन्याच्या अखेरीस तर एकाच रात्री सुमारे एक हजार ब्रिटिश विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. युद्धानंतर नगरवासीयांनी घरे बांधली, पूल बांधले, आणि १९५७ साली नवे ऑपेरागृहही उभे केले. ज्या पिढीने हे सर्व पुन्हा उभारले, तिच्याच घरांत १९५६ साली व्हेरा ब्रांडेस हिचा जन्म झाला.

आपल्याकडे नाटक कंपनीचा खेळ गावात लावणाऱ्यास कंत्राटदार म्हणत. थिएटर ठरविणे, तिकिटे खपविणे, नटमंडळींची उतरण्या-जेवण्याची सोय करणे आणि खेळ पडला तर तोटा सोसणे, ही त्याची कामे. कुमारी ब्रांडेस हिने जाझच्या बाबतीत हेच काम विशीच्या आत पत्करले. वयाच्या अठराव्या वर्षी ती जर्मनीतील सर्वांत लहान संगीत-कंत्राटदार म्हणून ओळखली जात होती. कोलनमध्ये नव्या जाझची एक मालिका ती चालवीत असे. जॅरेटची मैफल त्याच मालिकेतील होती. स्थळ म्हणून तिने निवडले ते मात्र नगरातील ऑपेरागृह. तेथे त्यापूर्वी जाझची मैफल कधीही झाली नव्हती. मोठ्यांच्या प्रतिष्ठित संगीताचे ते घर. तेथे तरुणांचे संगीत नेण्याची कल्पना अनेकांस विचित्र वाटली असल्यास नवल नाही. ऑपेरागृहाने होकार दिला, परंतु संध्याकाळी तेथे संगीतिकेचा नेहमीचा प्रयोग होता. तो आटोपल्यावरची, रात्री साडेअकराची वेळ तिच्या वाट्यास आली. दिवस ठरला शुक्रवार, २४ जानेवारी १९७५. तिकीट होते ४ मार्क. इतक्या अवेळीचा कार्यक्रम असूनही चौदाशेहून अधिक श्रोत्यांनी तिकिटे घेतली आणि ऑपेरागृह पूर्ण भरले.

येथपर्यंत सर्व यथास्थित होते. पुढे जे घडले ते जाहीर कार्यक्रम ठरविणाऱ्या कोणाही मनुष्याच्या पोटात गोळा आणणारे आहे.

जॅरेटने व्हिएन्नाच्या ब्योझेनडॉर्फर कारखान्याचा 'इंपीरियल' जातीचा पियानो मागितला होता. नेहमीच्या पियानोस ८८ पट्ट्या असतात, यास ९७. आठ सप्तके भरतात. लांबी २ मीटर ९० सेंटिमीटर. खर्जाचा घुमारा असा की मोठे सभागृह भरून जावे. परंतु ऑपेरागृहाच्या नोकरांकडून घोटाळा झाला. त्याच कारखान्याचा, परंतु फार लहान असा तालमीचा पियानो त्यांनी रंगमंचावर आणून ठेवला. तो बेसूर होता. तार-सप्तकांतील पट्ट्यांचा आवाज पत्र्यासारखा चिरका येई, खर्जात जोर नव्हता, आणि पायाने दाबावयाची पेडले नीट काम देत नव्हती. आपल्या ओळखीचा दृष्टांत द्यावयाचा तर, भाता फाटलेली आणि सूर उतरलेली पेटी एखाद्या बुजुर्ग वादकापुढे ठेवावी, तसाच हा प्रकार.

जॅरेट दुपारी उशिरा पोहोचला. आयशरबरोबर स्वित्झर्लंडहून लहानशा मोटारीतून लांबचा प्रवास करून तो आला होता. कित्येक रात्री त्यास पुरती झोप नव्हती. पाठीच्या दुखण्यामुळे कमरेस पट्टा बांधावा लागत होता. त्याने त्या पियानोवरून दोन-चार वेळा बोटे फिरविली, आयशरनेही पट्ट्या दाबून पाहिल्या, आणि दुसरा पियानो न आल्यास आपण वाजविणार नाही असे सांगून तो बाहेर पडला.

दुसरा मोठा पियानो आणावा असे व्हेराच्या मनात आले. परंतु बाहेर जानेवारीची थंडी आणि पाऊस. पियानो जुळविणाऱ्या कारागिराने बजावले, की योग्य साधनांवाचून असे वाद्य या हवेत रस्त्याने ओढून आणाल तर त्याचा नाश होईल. तेव्हा तो मार्ग बंद झाला. कार्यक्रमास अवघे काही तास उरले होते.

अशा वेळी माणसाची परीक्षा होते. कार्यक्रम रद्द झाल्याची पाटी लावून पैसे परत करणे शक्य होते आणि त्यात दोष तिचा नव्हता. पियानो तिने आणला नव्हता. परंतु चौदाशे माणसांस तिने शब्द दिला होता. जॅरेट मोटारीत जाऊन बसला होता. ती पावसात त्या मोटारीपाशी गेली आणि तिने त्यास वादनासाठी विनविले. भिजून ओथंबलेली ती मुलगी पाहून त्याचे मन द्रवले आणि केवळ तिच्याखातर वाजविण्यास तो राजी झाला, अशी हकीकत ती स्वतः पुढे सांगत आली आहे. ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडून तयार होती, हेही त्याच्या होकाराचे एक कारण होते. इतिहास लिहिताना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एकीने दुसरीस कमीपणा येत नाही.

मग कामास खरा आरंभ झाला. तो कारागीर आणि त्याचा मुलगा असे दोघे जण त्या मोडक्या पियानोशी कित्येक तास झगडले. निर्दोष करणे त्यांच्या हाती नव्हते. वाजविण्याजोगा करणे एवढेच होते, आणि तेवढे त्यांनी केले. इकडे जॅरेट एका इटालियन उपाहारगृहात जेवावयास गेला, तर तेथेही गोंधळ होऊन जेवण उशिरा आले आणि दोन घास खाऊन त्यास उठावे लागले. अशा रीतीने निद्रेविना, जवळजवळ उपाशी, कमरेस पट्टा बांधलेला तो वादक रात्री साडेअकराच्या सुमारास रंगमंचावर येऊन बसला.

ऑपेरागृहात प्रेक्षकांस जागेवर बसण्याची सूचना देण्यासाठी एक घंटा वाजे. त्या घंटेचे सूर जॅरेटने पहिल्याप्रथम पियानोवर छेडले. श्रोत्यांनी ते ओळखले आणि सभागृहात हास्याची हलकी लकेर उठली. मुद्रिकेत ती आजही ऐकू येते. दिवसभराचा ताण त्या एका क्षणात ओसरला असावा.

पुढे त्याने जे केले ते प्रत्येक शिक्षकाने ध्यानात घ्यावे असे आहे. चिरक्या तार-सप्तकांकडे तो क्वचितच गेला. आपला विस्तार त्याने बहुतांशी मध्य-सप्तकात ठेवला. खर्जात जोर नाही म्हणून डाव्या हाताने तेच ते लयदार आवर्तन पुनःपुन्हा वाजवून त्याने तो जोर निर्माण केला. आरंभी सुमारे बारा मिनिटे तर तो दोनच स्वरसंघांवर रेंगाळत राहिला आहे. तंबोऱ्याच्या अखंड झंकारावर आलाप ऐकण्याची ज्यांस सवय आहे, त्या आपल्या कानांस हे परके वाटत नाही. आम्ही तासभर का खिळून राहिलो याचे उत्तर आम्हांस येथे सापडले. मधूनमधून त्याचे गुणगुणणे आणि पायाचा ठेकाही ऐकू येतो. सर्व वादन मिळून सुमारे ६६ मिनिटांचे आहे. पहिला भाग २६ मिनिटांचा, आणि शेवटचा लहानसा भाग श्रोत्यांच्या आग्रहास्तव वाजविलेला.

त्याच वर्षी, १९७५ च्या अखेरीस, 'द कोलन कॉन्सर्ट' या नावाने दोन तबकड्यांचा संच निघाला. पुढील काळात त्याच्या ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. एकट्या जाझवादकाची इतकी खपलेली दुसरी मुद्रिका नाही. त्या क्षणी सुचलेले ते संगीत लोकांस कागदावर हवेसे झाले. बरीच वर्षे नकार दिल्यावर जॅरेटने अनुमती दिली आणि १९९१ साली ते स्वरलिपीत छापले गेले. खुद्द जॅरेटला मात्र या मुद्रिकेविषयी पुढे फारशी ममता उरली नाही. २०१८ साली पक्षाघाताचे दोन झटके येऊन त्याचा डावा हात निकामी झाल्यासारखा झाला व त्याचे जाहीर वादन थांबले. ज्या डाव्या हाताने त्या रात्री पियानोचे उणे भरून काढले, तोच हात जावा, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

व्हेरा ब्रांडेस हिने पुढे ध्वनिमुद्रिका काढण्याचा व्यवसाय केला आणि नंतर संगीताचा रोग्यांस कसा उपयोग होतो या संशोधनास वाहून घेतले. तिच्या त्या रात्रीच्या खटपटीवर २०२५ साली 'कोलन ७५' हा चित्रपट निघाला. मैफलीनंतर पन्नास वर्षांनी का होईना, परंतु कंत्राटदाराकडे लोकांचे लक्ष गेले.

या हकीकतीचे तात्पर्य पुष्कळ लोक असे सांगतात, की अडचण हीच खरी गुरू. पियानो वाईट होता म्हणूनच संगीत थोर झाले. आम्हांस हे मान्य नाही. वाईट पियानोने थोर संगीत निर्माण होत असते तर आमच्या शाळेतील फुटक्या पेटीवर पंचवीस वर्षांत एखादा तरी गंधर्व निपजला असता! जॅरेट तीन वर्षांचा असल्यापासून मेहनत करीत होता. ती सत्तावीस वर्षांची पुंजी त्याच्या बोटांत होती म्हणून उणीव ओळखून तिला वळसा घालणे त्यास साधले. गरिबीतून आणि अभावातून मुले आपोआप घडतात, हा सोयीचा समज आहे. आपल्या मुलांस चांगली साधने देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच आहे आणि ते या समजाआड लपविता येत नाही.

आम्हांस या प्रसंगात दिसते ते निराळेच. एका रात्रीचे यश तीन जागी विभागलेले होते. वादकाची तयारी, हा एक भाग. कारागीर व त्याचा मुलगा यांचे कष्ट, हा दुसरा. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या नाहीत, परंतु ते थकून घरी गेले असते तर टाळ्या कोणासाठीच वाजल्या नसत्या. आणि तिसरा, दिलेला शब्द पाळण्यासाठी पावसात उभी राहिलेली ती मुलगी. तिच्या हट्टाचे आम्हांस कौतुक वाटते ते तो हट्ट होता म्हणून नव्हे. हट्ट तर लहान मूलही करते. तिच्या हट्टामागे भरलेले सभागृह होते, खपलेली तिकिटे होती, महिनोन्महिने केलेली व्यवस्था होती. जबाबदारी घेतलेल्या माणसाचा तो हट्ट होता.

येथे एक कबुली देणे आम्हांस भाग आहे. त्या १९७५ च्या जानेवारीत आम्ही मॅट्रिकच्या परीक्षेची तयारी करीत होतो. म्हणजे व्हेरा ब्रांडेस आमच्याहून दोनच वर्षांनी वडील. त्या वयात मुख्याध्यापकांकडे सभागृहाची किल्ली मागण्याचेही धैर्य आम्हांस नव्हते, आणि त्याची खंत आम्हांस कधी वाटली नाही. खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पुढे आम्ही शिक्षक झालो. एके वर्षी दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. तालुक्याच्या गावी आलेल्या एका सतारवादकास शाळेत बोलवावे, असा तिचा विचार होता. वर्गणी किती जमेल, सतरंज्या कोठून आणावयाच्या, त्यांस बसने पोहोचविण्यास कोण जाईल, हे सारे तिने वहीच्या पानावर लिहून आणले होते. आम्ही ते पान हातातही घेतले नाही. "ही मोठ्या माणसांची कामे आहेत, तू अभ्यास कर," एवढे म्हणून आम्ही तिची बोळवण केली. ती "बरं, गुरुजी," म्हणाली. पुन्हा कधी काही घेऊन ती आमच्याकडे आली नाही. तिचे पुढे उत्तम चालले आहे असे ऐकतो. आमचे मात्र त्या पानावर काय लिहिले होते ते वाचावयाचे राहून गेले.

कोलनच्या ऑपेरागृहातील अधिकाऱ्यांनी अठरा वर्षांच्या मुलीस रात्री साडेअकराची का होईना, पण वेळ दिली. त्यांच्या नोकरांनी पियानोचा घोळ केला, हे खरे. परंतु दार त्यांनी उघडले होते. ते बंद राहिले असते तर पुढचे काहीच घडले नसते, आणि काय घडले नाही हे कोणास कळलेही नसते. न उघडलेल्या दारांची बखर कोणी लिहीत नाही, आणि म्हणून ते दार लावून घेणाऱ्यांस आपली चूक उमगत नाही. आम्हांस ती उमगण्यास परदेशातील एक मुद्रिका आणि घरातील एक पुतणी लागली.

ज्ञातिबांधव-भगिनींस आमची विनंती एवढीच आहे. आपल्या संस्थेच्या कार्यालयात एखादा तरुण वा तरुणी येईल आणि म्हणेल, "आम्हांला अमुक कार्यक्रम करावयाचा आहे, सभागृह द्या." कार्यक्रम आपल्या ओळखीचा नसेल, संगीत आपल्या कानांस रुचणारेही नसेल. अशा वेळी त्यांचे वय विचारण्यापूर्वी त्यांची हिशेबाची वही पाहावी. खर्च मांडला आहे का, लोकांस दिलेला शब्द पाळण्याची तयारी आहे का, ऐनवेळी घोटाळा झाला तर कोण उभे राहणार, हे विचारावे. वही कोरी असेल तर ती भरून आणावयास सांगावे. परंतु भरलेली असेल, तर किल्ली द्यावी. आणि त्या दिवशी आपणही तेथे हजर राहावे. वाद्य बिघडले तर ते जुळविणारे कोणी तरी वडीलधारे माणूस जवळ असलेले बरे.